मास्तरची टाळू

दिगूभिया ट्रॅक्टरवर चढण्याआधी चपला काढतात. नुसत्या काढत नाहीत, देवळाच्या पायरीशी ठेवाव्यात तशा जोडीनं भिंतीला लावून ठेवतात. मग बॉनेटवर तळहात टेकवून डोळे मिटतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "पहले नब्ज!"

नाडी बघून झाली की निदान होतं. "मास्तरला गॅस झालाय." किंवा "छाती भरलीय." किंवा "सर्दी." चौथं निदान "रुसवा", आणि तेच सगळ्यांत जास्त वेळा निघतं, कारण त्याला पाना लागत नाही.

मास्तर म्हणजे ट्रॅक्टर. दिगूभिया कपड्याच्या मिलमध्ये मागावर होते. तिथल्या वीव्हिंग मास्तरचा स्वभाव असाच होता म्हणे. सकाळी तासभर कुणाशी बोलायचा नाही, मग एकदम भडकायचा, आणि काम ऐन भरात आलं की गायब. म्हणून हे नाव.

जुनी इंदूरच्या गल्लीत ट्रॅक्टर कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं.

"दिगूभिया, शेत कुठंय तुमचं?"

"शेत का करना है, ताई? शेत असलं की पिकाची काळजी. अपने को सिर्फ ट्रॅक्टर चाहिए."

झालं असं, की राऊ गावाकडे त्यांच्या मेव्हण्याची पेरूची बाग आहे. दोन झाडांमधून जाईल असा हा छोटा डिझेलचा ट्रॅक्टर त्याच्याकडे होता. त्यानं नवा घेतला आणि जुन्याबद्दल म्हणाला, "हा घेऊन जा, नाहीतर मी विहिरीत ढकलतो." दिगूभियांनी तो बैलगाडीच्या मागं बांधून आणला. आमची गल्ली एवढी, की तो उभा राहिला तर स्कूटरवाल्याला आरसे मिटून जावं लागतं. तरी पाट मांडून, रांगोळी काढून स्वागत झालं. त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, निरांजन ओवाळलं आणि मला हळूच म्हणाल्या, "ओवाळा म्हणाले, ओवाळलं. लग्नात ह्यांना ओवाळलं तेव्हाही चालू होतील की नाही, कुठं माहीत होतं?"

दिगूभियांना ऐकू कमी येतं. उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यावर दुसरं काय होणार? त्यामुळे ते स्वतः ओरडून बोलतात. गुपित सांगायचं असेल तर जवळ येतात, तोंडाशी हात आडवा धरतात, आणि मग ओरडतात. माझ्या नणंदेला बघायला मुलगा आला होता, तेव्हा दारात येऊन त्यांनी मला गुपचूप सांगितलं, "ताई, टोपी काढायला लावा हां! टकला आहे! मैंने शादी में देखा है!" मुलगा आत पोहे खात होता. त्यानं घास गिळला आणि टोपी स्वतःच काढून मांडीवर ठेवली. लग्न झालं. तो आजही गल्लीत आला की दिगूभियांना वाकून नमस्कार करतो, टोपी न घालता.

माझी गल्लीच्या तोंडाशी चक्की आहे. आमचे हे रेल्वेत, बहुतेक दिवस रतलामकडे, त्यामुळे चक्की मीच बघते. पट्टा घसरला, दगडाला टाकी घालायची झाली, मोटर तापली, सगळं मीच. त्यामुळे मशिनीबद्दल मला फार भक्तिभाव नाही. दिगूभिया माझ्याकडे रोज दळण आणायचे. दळण म्हणजे मूठभर. दोन माणसांचं घर, रोज एवढासा गहू. त्यातला निम्मा तर चक्कीच्या पोटातच अडकून राहायचा.

"आठवड्याचं एकदम आणा ना हो," मी ओरडायची.

"ताजं पीठ, ताई! शास्त्र आहे!"

तिथंही चपला दाराबाहेर, जोडीनं. मोटरीजवळच्या भिंतीला टेकून अनवाणी उभे राहायचे, पीठ डब्यात पडून गार होईपर्यंत. अन्नाला मान देतात, असं मी धरून चालले होते. मान ठीक आहे, पण पायाला पीठ लागून ओट्यापर्यंत ठसे उमटायचे, आणि ते पुसायचे मी.

मास्तरवरचे उपचार रोज सकाळी चालत. थंडीत इंजिनावर किटलीनं कढत पाणी, वरून सुमनवहिनींची माहेरची शाल. छाती भरली की डिझेलचा फिल्टर काढून धुणं. गॅस झाला, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, की एक स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू देणं. हे शेवटचं त्यांना खरंच छान जमायचं. बुडबुडा फुटला की पाठ थोपटायचे ट्रॅक्टरची. "निकाल दे बेटा, निकाल दे. शरम नाही धरायची."

मास्तर मुळीच सुरू व्हायचा नाही, असंही नाही. डिझेल बघायला त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, की आतून 'सूंऽऽ' असा आवाज यायचा. दिगूभियांना तो ऐकू येत नसे, पण हाताला वारं लागायचं. "बघा, उसासा सोडतोय बिचारा." मग बटण दाबलं की मास्तर खोकायचा, थरथरायचा आणि चालू व्हायचा. गल्लीच्या टोकाला शनीचं देऊळ आहे, तिथवर जायचा आणि ढस्स. नेमका तिथंच. पानवाला म्हणायचा, नजर लागते. सुमनवहिनी म्हणायच्या, साडेसाती. दिगूभियांचं मत, मास्तर घरकोंबडा आहे.

मंगळवारी आणि चतुर्थीला मात्र उपचार नसत. त्या दिवशी टाळू भरायची. तान्ह्या बाळाची टाळू तेलानं भरतात, तशी. टाळू म्हणजे टाकीचं झाकण, कारण ते गोल आणि सगळ्यांत वर. मिलमध्ये दसऱ्याला मागाला शेंदूर लावायची पद्धत होती, म्हणून नुसत्या तेलाऐवजी तेलात कालवलेला शेंदूर. थरावर थर. हळूहळू त्या झाकणाचा पारावरचा मारुती झाला होता. दोन-चार बायका तर जाता-येता हात जोडायला लागल्या होत्या.

मिल बंद होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. एका सकाळी भोंगा वाजला नाही, इतकंच. शहरात रोज काही ना काही सुरू होत होतं. केबल आली, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ आले, लग्नात सरबताऐवजी कोल्ड्रिंकच्या बाटल्या फिरायला लागल्या. आणि मिलांना एकेक करून कुलपं. दिगूभियांना एका बँकेत चौकीदारी मिळत होती, पण चौकीदाराला आवाज ऐकू आला पाहिजे, असं बँकेचं म्हणणं पडलं.

त्यांचे मागावरचे जोडीदार मांगीलालजी. दोघांचे माग शेजारी. एवढी वर्षं खांद्याला खांदा लावून उभे राहिले, पण त्या आवाजात बोलणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणून मागावरची सगळी माणसं हातांनी बोलत. धागा तुटला, चहा आला, साहेब येतोय, साहेब गाढव आहे, सगळ्याला खूण. मिल बंद झाली आणि मांगीलालजी घरात बसले ते बसलेच. बाहेर पडणं नाही, कुणाशी बोलणं नाही. दिगूभिया रोज संध्याकाळी जाऊन समोर बसायचे आणि हातवारे करून गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगायचे. मांगीलालजी भिंतीकडे बघत राहायचे. त्यांची सून म्हणायची, "टीव्हीवर मुक्याबहिऱ्यांच्या बातम्या लागतात ना, तसं वाटतं. फक्त टीव्ही लावून घरातले बाहेर गेलेत."

अनंत चतुर्दशीला आमच्याकडे मिलांच्या झांक्या निघतात. मोठमोठे हलते देखावे, गाडीवर रचलेले, सगळं शहर रस्त्यावर. मिला बंद पडल्या तरी कामगारांनी झांक्या सोडल्या नव्हत्या. प्रत्येक मिलचा रांगेतला नंबर ठरलेला. बत्त्या लागेपर्यंत तुमची गाडी हलली नाही, तर मागचे पुढं जातात, आणि एकदा गेलेला नंबर परत मिळत नाही. त्या वर्षी दिगूभियांच्या मिलच्या झांकीला ओढायला ट्रक मिळेना. कामगारांच्या सभेत दिगूभिया उभे राहिले.

"मास्तर खींचेगा!"

म्हणे सभेत इतकी शांतता पसरली, की ती दिगूभियांनासुद्धा ऐकू आली.

"भिया," कुणीतरी म्हणालं, "तो शनीच्या देवळापुढं जात नाही."

"झांकीसाठी जाईल."

सभेतून ते थेट मांगीलालजींकडे गेले आणि हातांनी सांगून आले, की मिरवणुकीत मास्तरच्या मडगार्डवर तू बसायचं. मांगीलालजींनी भिंतीवरची नजर काढली आणि मान हलवली. दोन वर्षांत पहिल्यांदा. दिगूभिया तिथून माझ्या चक्कीत आले आणि ओरडले, "ताई, मान हलवली!" त्या दिवशी गहू आणायलाही विसरले होते.

तर मास्तर चालणं आता भाग होतं.

मिलच्या गेटपर्यंत तो टप्प्याटप्प्यानं गेला. बंद पडायचा, दिगूभिया झाकण उघडून डिझेल बघायचे, टाळूवरून हात फिरवायचे, पुन्हा चालू. चतुर्दशीला सकाळी त्यांनी शेंदराचा जाड ताजा थर चढवला, त्यावर चांदीचा वर्ख लावला, आणि सगळ्यांना बजावलं की टाळूला हात लावायचा नाही. दुपारी मिरवून दाखवायला गेटसमोर एक फेरी मारली. ढस्स.

मी आणि सुमनवहिनी पोचलो तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. प्रसादाच्या लाडवांचं बेसन माझ्या चक्कीतलं, म्हणून डबा घेऊन मी गेले होते. मागं झांकी उभी. देखावा कुंभकर्णाला उठवण्याचा. मागाचे जुने गिअर बसवून केलेलं त्याचं पोट वर-खाली होत होतं, राक्षस नगारे बडवत होते. आणि पुढं मास्तर, गोंड्यांनी सजलेला, गाढ झोपलेला. भोवती गर्दी.

"भिया, इसमें कुंभकर्ण कौन-सा है?"

"पीछेवाला तो सांस ले रहा है!"

मडगार्डवर मांगीलालजी. धुतलेलं धोतर, डोक्यावर साफा, अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर टेकलेले. कुणाकडेच बघत नव्हते. दिगूभिया बटण दाबून-दाबून बॅटरी संपवून बसले होते. मिरवणूक समितीचे शर्माजी शिट्टी गळ्यात अडकवून आले. "दिगूभिया, बत्ती लगते ही पीछेवाले आगे. मेरे हाथ में कुछ नहीं."

दिगूभियांची चारही निदानं करून झाली होती. पाना घेऊन त्यांनी गॅसचा स्क्रू सैल केला. एक बुडबुडा आला आणि बस. डिझेल येईना.

"टाकी खाली?" मी विचारलं.

"काठोकाठ, ताई! पोट भरलंय आणि घशाला कोरड!" त्यांचा आवाज नेहमीइतकाच मोठा होता, पण नजर सारखी मडगार्डकडे जात होती. मांगीलालजींनी साफा काढून मांडीवर ठेवला होता. घरी जायला निघालेला माणूस ठेवतो तसा.

मी सांगितलंच, मला मशिनीबद्दल भक्तिभाव नाही. पण तेलाचा डबा मी जन्मभर फोडत आलेय. नवा डबा फोडताना एकच भोक पाडलं, तर थोडं तेल येतं, डबा गटगट करतो आणि धार थांबते. समोर दुसरं भोक पाडलं, की हवा आत जाते आणि धार सुरू. हे माझ्या आजीलाही माहीत होतं, आणि तिनं ट्रॅक्टर पाहिला नव्हता.

"दिगूभिया, ह्या टाकीत हवा कुठून शिरते?"

"हां?"

"हवा! कुठून!"

मी त्या शेंदराच्या मारुतीकडे पाहिलं आणि अंबाड्यातला आकडा काढला.

"टाळूला हात नाही, ताई! चांदीचा वर्ख आहे!"

मी वर्ख खरवडला. त्याखाली मंगळवार, त्याखाली चतुर्थी, त्याखाली मंगळवार. पापुद्रे निघत गेले आणि तळाशी झाकणाला एक बारीक भोक सापडलं. आकडा आत गेला मात्र, 'सूंऽऽ' असा लांबलचक उसासा बाहेर ऐकू आला. सैल स्क्रूतून डिझेलचे बुडबुडे आले, आणि मग घळाघळा धार.

सुमनवहिनींनी कपाळाला हात लावला. "म्हणजे दर मंगळवारी गळा दाबत होतात त्याचा."

"टाळू भरली," दिगूभिया म्हणाले. ते हळू बोलू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. "बाळाची भरतात तशी."

"बाळाला नाक असतं, दिगूभिया. ह्याला तेवढंच होतं."

रडायला वेळ नव्हता. बॅटरी मेलेली, म्हणजे ढकलून चालू करणं आलं. झांकीच्या गाडीला जोडणारी पिन काढली. मागावरचे सगळे जुने लोक ट्रॅक्टरच्या मागं जाऊन उभे राहिले. दिगूभियाही ढकलायला, कारण त्यांच्या मते बाकीच्यांना ढकलता येत नाही. स्टीअरिंगवर कोण?

"ताई, तुम्ही बसा. चक्की चालवता ना? क्लच दाबून धरा, मी हात वर केला की सोडा. पण चपला काढा आधी."

"काही गरज नाही," मी म्हटलं आणि साडी खोचून चपलांसकट चढले.

ढोल वाजत होता, झांकीचा जनरेटर धडधडत होता. "जोर लगा के हैशा!" हात वर झाला, मी क्लच सोडला. मास्तरनं एक आचका दिला, खोकला आणि चालू झाला. मी ओरडले, "झाला! सोडा!" कोण ऐकणार? निम्मे बहिरे, उरलेल्यांना ढोल. माना खाली घालून, डोळे मिटून, घाम गाळत ते चालू ट्रॅक्टर ढकलत होते. मास्तर आपल्या पायानं पळत होता, ते त्याच्यामागं पळत होते, आणि त्यांना वाटत होतं आपण पळवतोय. शर्माजी शिट्टी फुंकत समोरून बाजूला उडी मारून गेले. आणि थांबवायचं कसं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात मांगीलालजी उभे राहिले. त्यांनी खाली पत्र्याकडे, आपल्या तळव्यांकडे पाहिलं. पत्रा असा थरथरत होता, की माझे चपलेतले पायही झिणझिणले. मग मागं वळून त्यांनी हात उंच केला आणि मूठ डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवली, मागातला धोटा पळतो तशी. खूण मला माहीत नव्हती, तरी कळली. माग चालू आहे.

दिगूभियांची मान वर झाली. ते होते तिथं थांबले. एकेक करून सगळे थांबले, आणि धापा टाकत, रस्त्याच्या मधोमध, म्हाताऱ्यांच्या त्या घोळक्यात पंधरावीस मुठी डावी-उजवी फिरायला लागल्या.

ते सगळं छान होतं, पण मी अजून पुढंच चालले होते. मांगीलालजींनी वाकून आपला अनवाणी पाय माझ्या चपलेवर ठेवला आणि क्लच दाबला. मास्तर थांबला, चालूच राहून.

बत्त्या लागल्या तेव्हा मास्तरला पुन्हा जोडलेली झांकी जागेवरून हलली होती. नंबर राहिला. सगळी मिरवणूक मांगीलालजी मडगार्डवर बसून होते, साफा बांधून, पाय पत्र्यावर.

परत येताना सुमनवहिनी रिक्षात म्हणाल्या, "मिल बंद झाल्यापासून झोपत नाहीत हे. म्हणतात, जमीन हलत नाही. म्हटलं, जमीन हलत नाही ही चांगली गोष्ट असते."

दोन दिवसांनी सकाळी चक्कीच्या दाराबाहेर चपलांच्या दोन जोड्या, भिंतीला नीट लावलेल्या. दिगूभिया मूठभर गहू घेऊन आणि मागं मांगीलालजी. दोघं मोटरीजवळच्या भिंतीला टेकून उभे राहिले. गहू दळला, पीठ डब्यात पडलं, गारही झालं. कुणी हललं नाही. तिथली फरशी मोटरीनं अशी थरथरते, की सांडलेलं पीठ आपोआप रेघा मारत सरकतं. त्या रेघांमध्ये चार पाय होते, बोटं पसरून, जमिनीला घट्ट धरून. मांगीलालजींचा हात काहीतरी म्हणाला. दिगूभियांचा हात त्याला काहीतरी म्हणाला. दोघं माझ्याकडे बघून हसले, तेव्हा विषय कुठला ते कळलं.

मी ओरडले, "दिगूभिया, उद्यापासून गहू आणायचा नाही!"

त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. "एवढासाच तर असतो, ताई."

"गहू नका आणू. नुसतं या."

मोटरीशेजारी आता दोन स्टुलं असतात. गिऱ्हाईक विचारतं, हे कोण, दळण कुणाचं, तर मी सांगते, रांगेत नाहीत ते, तुम्ही पुढं या. ठसे मात्र जाताना दोघांनीच पुसायचे, असं ठरलंय. दिगूभिया पुसतात, आणि मांगीलालजी राहिलेली जागा बोटानं दाखवतात.